घरी सांगितलं का?

परवा दुपारी मला एका मुलीचा फोन आला. "मॅडम, नोकरी करता करता ऑनलाइन एमबीए करायला आवडेल का?" असं तिनं एका दमात विचारलं. पाठ केलेलं बोलताना श्वास कुठे घ्यायचा, हे तिला अजून जमत नव्हतं. मी म्हटलं, "आवडेल की नाही ते नंतर बघू. पण तुम्ही एक प्रश्न विचारायचा विसरलात." ती गोंधळली. "कोणता, मॅडम?" मी सांगणार होते, मग लक्षात आलं की तिच्यासमोरच्या कागदावर तो प्रश्न नसणारच. तो फक्त बोरसे सरांचा होता.

जळगावच्या बसस्टँडमागच्या गल्लीत एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. एका विद्यापीठाच्या ऑनलाइन एमबीएला विद्यार्थी मिळवून द्यायचे, हे आमचं काम. मी जामनेर तालुक्यातल्या एका खेड्यातली, घरातली पहिली पदवीधर. बी.कॉम. झाल्यावर मिळालेली ही पहिलीच नोकरी. ऑफिस म्हणजे एसी असेल, असं मला वाटलं होतं. कूलर होता, आणि तोही बोरसे सरांच्या टेबलाकडे तोंड करून. मी रुजू झाले त्या दिवशी सरांनी उठून तो आम्हा मुलींच्या रांगेकडे वळवला. "आम्ही शिंदखेड्याकडचे," ते म्हणाले, "आम्हाला ऊन ओळखतं." तो कूलर परत त्यांच्याकडे वळलेला मी कधी पाहिला नाही.

त्यांचं पूर्ण नाव हिंमतराव बोरसे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, पन्नाशीच्या अलीकडचे. रोज पांढराच शर्ट. खिशात बडीशेपेची पुडी. आम्हाला ते नावानं हाक मारत नसत, तालुक्यानं मारत. "ओ जामनेर, हा फोन तू घे." "काय यावल, आज गप्प गप्प?" "पारोळा, चहा सांग." खुद्द जळगाव शहरातली एक मुलगी होती, तिला ते नुसतंच 'जिल्हा' म्हणायचे. ती चिडायची, मग सर म्हणायचे, "अगं, बढती दिलीय तुला."

आमच्या टीमच्या वाट्याला विद्यार्थी म्हणून फक्त एलएलबी झालेली मुलं-मुली यायची. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात वकिलीची पदवी घेतलेले आणि वकिली न चाललेले पुष्कळ आहेत, हे पुण्याच्या मुख्य ऑफिसला कुठून तरी कळलं होतं. एखादा वकील मोबाइलवर 'एलएलबीनंतर काय' असं शोधायचा, त्याला आमची जाहिरात दिसायची, तो नाव आणि नंबर भरायचा. तो नंबर आमच्या स्क्रीनवर यायचा. त्याला आम्ही 'लीड' म्हणायचो. लीडला फोन करायचा आणि कायद्याच्या पदवीला एमबीएची जोड मिळाली की बँका, विमा कंपन्या, मोठ्या कारखान्यांचे कायदा विभाग कसे उघडतात, हे सांगायचं. सांगायचं सगळं छापून दिलेलं होतं. कुठे हसायचं तेही कंसात लिहिलेलं होतं.

सरांनी तो कागद पहिल्या आठवड्यातच ड्रॉवरमध्ये टाकला असणार, कारण माझ्या वेळी त्यावर बडीशेप सांडलेली होती. ते स्वतः एलएलबी. काही वर्षं धुळ्याच्या कोर्टात वकिली केलेले. त्यामुळे समोरच्याचा दिवस कसा जातो, हे त्यांना पाठ होतं. एकदा मला त्यांनी तो दिवस सांगितला. "सकाळी पांढरा शर्ट, काळी पँट घालायची. आई डबा देते. शेजारी म्हणतो, निघाले का वकीलसाहेब. कोर्टात सिनिअरच्या फायली उचलायच्या, तारीख लिहून घ्यायची, चहा सिनिअरच्या नावावर प्यायचा. संध्याकाळी घरी विचारतात, आज केसेस होत्या का? आपण म्हणतो, होत्या ना. खोटं नसतं ते. केसेस असतात. सिनिअरच्या असतात."

मी पहिला फोन केला तेव्हा सर दुसरा हेडफोन लावून शेजारी बसले होते. चोपड्याकडचा एक मुलगा होता. मी सगळं न चुकता म्हटलं. तो "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिला आणि शेवटी "भरतो मॅडम" म्हणाला. मी आनंदानं सरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडून फोन घेतला.

"भाऊ, मी बोरसे बोलतोय. घरी सांगितलं का?"

"काय सर?"

"हेच. की वकिली चालत नाही. की एमबीए करतोय."

पलीकडे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "सर, ते नंतर सांगेन. प्रवेश झाल्यावर."

"आधी सांग. मग फोन कर. आम्ही इथंच आहोत."

फोन ठेवल्यावर मला रडू यायचं बाकी होतं. सर म्हणाले, "जामनेर, हा पोरगा क्लास कुठे ऐकेल? घरी ऐकला तर घरचे विचारतील हे काय. मग हा गच्चीवर जाऊन ऐकेल. मग परीक्षा. मग एक दिवस बंद. मग पैसे परत मागायला तुलाच फोन करेल आणि तुलाच शिव्या देईल. आपल्याकडे वकील झालेला मुलगा एकट्याचा नसतो. सगळ्या भावकीनं लग्नपत्रिकांत त्याच्या नावामागं 'ॲड.' छापलेलं असतं. ते पुसल्याशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही."

मग त्यांनी मला विचारलं, "तू घरी काय सांगितलंस? काम काय करतेस म्हणून?"

मी घरी सांगितलं होतं की कॉलेजात नोकरी लागली. तसं म्हटलं तर फार चूक नव्हतं. सरांनी माझा मोबाइल माझ्यासमोर सरकवला. मी वडिलांना, म्हणजे भाऊंना, तिथूनच फोन लावला आणि खरं काम सांगितलं. भाऊ म्हणाले, "म्हणजे बोलायचा पगार देतात?" "हो." "मग तुझ्या आईला पण घेऊन जा." त्या रात्रीपासून मी घरी ऑफिसातलं सगळं सांगू लागले. कोण काय म्हणालं, कोणी फोन आपटला. भाऊ ते ऐकायला थांबून राहायचे. सरांनी माझ्यासाठी पुढे पुष्कळ केलं, पण मी त्यांची पहिली ऋणी आहे ती त्या एका फोनसाठी.

सरांची आणखी एक सवय होती. फोनवर लीडचे वडील, आई, आजोबा असं कोणी मोठं माणूस आलं की ते खुर्चीतून उठून उभे राहायचे. पलीकडच्याला दिसत नाही, तरी. उभं राहून आधी पाऊसपाणी, मग कापूस, मग गुडघेदुखी, आणि मग मुद्दा. आणि बोलता बोलता मराठीवरून अहिराणीवर कधी जायचे ते कळायचंही नाही. मला ती बोली नीट यायची नाही. जामनेरकडे आमचं बोलणं वेगळं. "काय करू राहिली?" असं मी कुणाला म्हटलं की सर मान हलवत म्हणायचे, "तुमच्याकडे क्रियापद संपतच नाही."

त्यांच्या कपाटात एक काळा कोट टांगलेला होता. मला वाटायचं, जुनी आठवण म्हणून ठेवला असेल. मग लक्षात आलं की शनिवारी ऑफिस सुटताना सर तो काढतात, झटकतात आणि हातावर घडी घालून बसस्टँडला जातात. सोमवारी तो परत कपाटात. शनिवारी ते गावाला जात. गावी आबा होते, त्यांचे वडील.

आबांचा फोन दुपारी जेवणाच्या सुट्टीत यायचा. सर डबा तसाच ठेवून जिन्यात जायचे आणि उभे राहूनच बोलायचे. एकदा मी पाणी भरायला गेले होते तेव्हा ऐकू आलं. "हा आबा, कोर्टमाच शे… हा, जेवनू… नही आबा, पुढली तारीख पडनी."

ते वळले तर मी समोर. हातात बाटली.

"ऐकलंस?" ते म्हणाले.

मी मान डोलावली.

"आबांना वाटतं मी जळगावला वकिली करतो." एवढं बोलून ते जिन्यावर बसले. मग स्वतःहूनच सांगू लागले. ही नोकरी धरली तेव्हा त्यांनी वकिलीची सनद स्थगित करून घेतली होती. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्यानं ती तशी करावी लागते. कितीतरी जण करत नाहीत, सरांनी केली. "नियम म्हणजे नियम," ते म्हणाले. आणि त्याच सुमारास गावाकडे शेजारच्या शेतकऱ्यानं आबांचा शेतात जायचा रस्ता अडवला. आबा आयुष्यात कधी कुणाशी भांडले नव्हते. यावेळी मात्र ते चार लोकांसमोर म्हणाले की माझा हिंमत वकील आहे, तो बघून घेईल. तहसीलदाराकडे दावा टाक, असा निरोप त्यांनी धाडला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. म्हटलं, टाकतो."

पुढचं ते बोलले नाहीत. सनद नसलेल्या माणसानं दावा टाकला कसा आणि त्याला तारीख पडते कशी, हे मीही विचारलं नाही. तेवढा कायदा मला एव्हाना कळू लागला होता. दावा कुठेच नव्हता. आबा मात्र रोज नाल्याकडून लांबचा फेरा मारून शेतात जात होते आणि तारखेची वाट बघत होते. दावे वर्षानुवर्षं चालतात हे गावाला माहीत असतं, त्यामुळे कुणाला संशय येण्याचंही कारण नव्हतं.

त्या दिवशी दुपारून सर नेहमीसारखे टेबलावर आले, हेडफोन लावला, आणि पहिल्याच लीडला विचारलं, "घरी सांगितलं का?" मला त्यांच्याकडे बघवेना.

पण त्यांच्या कामात यामुळे फरक पडला नाही. उलट माझ्या मनात त्यांच्याविषयी जे आहे ते अशाच कामांमुळे. धुळ्याची एक मुलगी होती, एलएलबी, सासरी नांदणारी. तिनं सासूला सांगितलं आणि सासूलाच फोनवर आणलं. सर उभे राहिले.

"नमस्कार अक्का. जळगावहून बोरसे बोलतो."

"बोला भाऊ. ती घरमा बठीसनच शिकी ना?" घरात बसूनच शिकेल ना, असं त्यांना विचारायचं होतं.

"घरात बसूनच, अक्का."

"मंग काही हरकत नही."

मी माझ्या जागी मनातल्या मनात टाळी वाजवली. तेवढ्यात सर म्हणाले, "पण अक्का, शिकून झालं की ती घरात बसणार नाही. नोकरी शोधेल. हे आत्ताच सांगितलेलं बरं."

फोन कट. मी डोक्याला हात लावला. सर खाली बसून म्हणाले, "आता त्या घरात भांडण होईल. परीक्षेच्या वेळी होण्यापेक्षा आत्ता होऊन जाऊ दे."

दिवाळीनंतर एक दिवस जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. नऊवारी नेसलेल्या एक बाई वर आल्या, मागे सून. दारातूनच त्यांनी विचारलं, "माले उलटं बोलनारा तो भाऊ कोनता?" आम्ही सगळ्यांनी बोट दाखवलं. सर उभे राहिले. अक्कांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "इनं नाव लिखी ले. आनि घरनं काम बी करनं पडी, हाई बी लिखी ले." सर म्हणाले, "ते आमच्या अर्जात नाही, अक्का. ते तुम्ही दोघी घरी लिहा." सून पदराआड हसली. ती पुढे पास झाली आणि एका पतपेढीच्या वसुली विभागात लागली.

सगळ्यांचं असं झालं नाही, आणि सर ते लपवायचे नाहीत. "नोकरी लागेल का?" असं कोणी विचारलं की ते म्हणायचे, "काहींना लागली, काहींना नाही. लागलेल्याचा नंबर देतो. न लागलेल्याचाही देतो. दोघांशी बोल." पुण्याच्या मॅनेजरनं एकदा हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं. तो सरांपेक्षा बराच लहान, पण बोलायला नम्र. व्हिडिओ कॉलवर तो म्हणाला, "बोरसेजी, आपण डिग्री विकतो. घरगुती भांडणं सोडवत नाही."

"सर, इकडे डिग्री एकटा माणूस घेत नाही," बोरसे सर म्हणाले. "आणि सोडून कोण जातं ते पण बघा."

मॅनेजरनं बघितलं असावं. सरांचे विद्यार्थी कमी होते, पण मधेच सोडून जाणारे त्याहून कमी होते. त्यामुळे सरांचं तो प्रश्न विचारणं चालू राहिलं. त्यानंतर जाहिरातीचं एक मोठं पोस्टर मात्र आलं. अर्ध्या अंगात वकिलाचा कोट आणि अर्ध्या अंगात सूट घातलेला तरुण, खाली 'कोर्ट सोडा, कॉर्पोरेट गाठा'. सरांनी ते कपाटाच्या दारावर लावायला सांगितलं. आत त्यांचा कोट होता. तो कशासाठी, हे आम्हा दोघांखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि आम्ही एकमेकांकडे पाहायचं टाळलं.

मग योगेशचा फोन झाला.

मला सिनिअर करायचं चाललं होतं, म्हणून मी पुन्हा सरांशेजारी दुसरा हेडफोन लावून बसत होते. स्क्रीनवर नाव आलं, योगेश. एलएलबी, धुळे. सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "गाव कोणतं?" त्यानं गाव सांगितलं. सरांचा माउसवरचा हात थांबला. ते सरांचंच गाव होतं. त्या क्षणी त्यांनी कॉल माझ्याकडे दिला असता तरी चाललं असतं. मी खूण पण केली. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि नेहमीपेक्षा कोरड्या, पुस्तकी मराठीत पुढे विचारलं.

"वकिली कशी चाललीय?"

"धुळ्याला सिनिअरकडे बसतो सर. नुसता बसतोच."

"घरी सांगितलं का?"

मग तो हळूच म्हणाला, "हिंमतभाऊ?"

सरांनी माउस बाजूला सारला.

"हिंमतभाऊच ना? आबाना पोऱ्या?"

सर उभे राहिले. योगेश त्यांच्या निम्म्या वयाचा असेल. "हो," ते म्हणाले. "मीच."

"भाऊ, तुम्ही तर जळगाव कोर्टमा…"

"नाही. मी इथं काम करतो. बरेच दिवस झाले."

"आबा माले म्हनतस, हिंमतना हाताखाले जाय, काम शिक. म्हनतस, आपला रस्ताना दावा तोच चालावस. मी तहसीलमा देखी उनू, भाऊ. माले सापडना नही."

"नाही सापडणार."

मला पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. तो धुळ्याच्या हायवेवर कुठेतरी उभा असावा. मग त्यानं विचारलं, "भाऊ, तुम्ही घर सांगं का?"

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर सरांनी परतवला असता, त्यात ते हुशार होते. पोरगं खरंच विचारत होतं. जसं सर रोज विचारायचे, तसंच.

"नही भो," सर म्हणाले. "सांगेल नही." सांगितलेलं नाही.

"मंग आते?"

"आते सांगस. तोवर तू बोलू नको. आणि तुझा अर्ज पण थांबव, आपण नंतर बोलू."

हेडफोन काढून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याची वायर गुंडाळत बसले. दुसऱ्या दिवशी शनिवार नव्हता, तरी सर गावाला गेले. मी कपाट उघडून पाहिलं. कोट आतच होता.

ते परत आले तेव्हा मी काही विचारलं नाही. चहाच्या वेळी त्यांनीच सांगितलं, एखाद्या अशिलाची हकीकत सांगावी तसं. आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. कोट नाही बघून त्यांनी विचारलं, बरं नाही का? सरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. आबांनी एवढंच विचारलं, "दावा?" सर म्हणाले, "टाकेलच नही आबा." आबा उठले, टोपी घातली आणि नाल्याकडच्या त्याच लांबच्या वाटेनं शेतात निघून गेले. दिवेलागणीला आले. हातपाय धुतले. मग विचारलं, "मंग तू करस काय?"

"मी आबांना समजावून सांगितलं," सर म्हणाले. "ऑनलाइन म्हणजे काय, एमबीए म्हणजे काय. आयुष्यात इतकं अवघड कुणाला समजावलं नाही, जामनेर. सगळं ऐकून आबा म्हणाले, त्या डिग्रीवर त्यासले काम लागस का? मी म्हटलं, काहीसले लागस, काहीसले नही. तर म्हणाले, हाई तू त्यासले सांगस का? म्हटलं, सांगस."

सरांनी चहा बशीत ओतला, पण प्याले नाहीत.

"आबा म्हणाले, 'त्यासले सांगस.' बस. एवढंच. मग आत गेले."

बशीतल्या चहावर साय धरली. 'त्यांना सांगतोस.' त्यापुढचं आबांना बोलायची गरज नव्हती आणि सरांना ऐकायची.

त्यानंतर आबांचा दुपारचा फोन बंद झाला. सर सवयीनं जेवणाच्या सुट्टीत जिन्यात जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. शनिवारची गावची खेप त्यांनी चुकवली नाही. सोमवारी मी विचारायचे, "आबा बोलले?" ते म्हणायचे, "बैलांशी बोलले." पुढे एकदा म्हणाले, "मी वाढलं तर ताट दूर सरकवत नाहीत आता. एवढी प्रगती आहे."

योगेश एक दिवस ऑफिसात आला. किरकोळ, घामेजलेला, पांढरा शर्ट. सरांनी त्याला समोर बसवून तासभर प्रश्न विचारले आणि शेवटी म्हणाले, "तुला एमबीए नको. तुला केस पाहिजे." तहसीलमधल्या त्या न सापडलेल्या दाव्यासाठी तो स्वतः जाऊन पाहून आला होता, हे सरांच्या लक्षात राहिलं होतं. रस्त्याचा दावा त्यांनी त्याला करायला सांगितला. मग उठून कपाट उघडलं. पोस्टरवरचा अर्धा वकील भिंतीकडे गेला आणि आतला कोट बाहेर आला.

योगेशनं घालून पाहिला. बाह्या पंजापर्यंत आल्या.

"भाऊ, मोठा व्हस."

"दुमड. नाहीतर शिंप्याकडे जा. ते पण मीच सांगू का?"

एक लीड बुडाली म्हणून मॅनेजरचा ईमेल आला. सरांनी त्याला सविस्तर उत्तर लिहिलं. त्यात काय होतं, मला माहीत नाही. योगेशनं मात्र खरोखर दावा टाकला आणि त्याला खरोखर तारखा पडू लागल्या.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या भाचीच्या लग्नात, धुळ्याजवळच्या एका लॉन्सवर. तोवर मला नाशिकला चांगली नोकरी मिळाली होती. तिच्यासाठी अर्ज करायलाही सरांनीच बसवलं होतं, आणि अर्थातच आधी घरी सांगायला लावलं होतं. ऑफिसातले आम्ही सगळे तालुके लग्नाला जमलो. पत्रिकेवर मामांच्या नावामागं 'ॲड.' नव्हतं. मी मुद्दाम पाहिलं होतं.

पण माइकवाल्यानं पत्रिका वाचली नव्हती. आमच्याकडे लग्नात पाहुण्यांची नावं माइकवरून पुकारून टोपी-टॉवेल देऊन सत्कार करतात, आणि पुकारणारा आपल्या मनानं चार शब्द वाढवतोच. "आता नवरीचे मामा," तो गर्जला, "जळगाव कोर्टातील नामांकित वकील, ॲडव्होकेट हिंमतरावजी बोरसे साहेब, यांनी सत्कारासाठी स्टेजवर यावं ही नम्र विनंती!"

सर उठले होते, ते तिथेच थांबले. पहिल्या रांगेत पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी काठी वर केली.

"ओ माइकवाला! वकील नही शे तो."

सगळ्या मांडवाच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या. फक्त स्वयंपाकाकडून झाऱ्याचा आवाज येत होता.

"जळगावमा डिग्र्या इकस," आबा म्हणाले.

बायकांच्या बाजूनं पहिल्यांदा हसू फुटलं, मग पुरुषांकडून. आम्ही तालुके खाली माना घालून बसलो. माइकवाला बिचारा घाबरला. माइक चालूच होता, त्यात तो म्हणाला, "मंग काय म्हनू, आबा?"

"मामा शे ना तो पोरना? मामा म्हन." आबांनी काठी खाली ठेवली. "आनि मना आंडोर शे. तेवढं म्हन. बठ्ठं त्यामा उनं."

आंडोर म्हणजे मुलगा, आणि बठ्ठं त्यामा उनं म्हणजे सगळं त्यात आलं. माइकवाल्यानं घसा साफ केला आणि पुन्हा पुकारलं. "नवरीचे मामा, आबांचे चिरंजीव, हिंमतराव बोरसे." मागं काही नाही, पुढं काही नाही. सर स्टेजवर गेले, टोपी घालून घेतली, खांद्यावर टॉवेल घेतला, नारळ घेतला. खाली उतरून येताना त्यांना आबांच्या समोरून जावं लागलं. मी जवळच होते. आबांनी वर पाहिलं आणि म्हणाले, "टोपी वाकडी शे. नीट घाल."

सरांनी ती काढली आणि नीट घातली. कितीतरी महिन्यांत आबा त्यांच्याशी सरळ तोंडावर बोलले ते हे पहिलंच वाक्य होतं, हे त्या मांडवात मोजक्यांनाच माहीत होतं. योगेश नवरदेवाच्या बाजूला उभा होता. कोटाच्या बाह्या आता बरोबर होत्या.

मला नाशिकची बस गाठायची होती म्हणून मी लवकर जेवले. निघताना मागं वळून पाहिलं तर दुसरी पंगत बसली होती आणि सर वाढायला उतरले होते. डोक्यावर सत्काराची टोपी, टॉवेल कमरेला खोचलेला, हातात वरणाची बादली. बट्टीवर वरण ओतत, आग्रह करत, ते रांगेतून पुढं येत होते. रांगेच्या टोकाला एक मुलगा बसला होता. पांढरा शर्ट, काळी पँट, कॉलरच्या आत वकिलीच्या पांढऱ्या बँडची खूण. सरांनी त्याच्या बट्टीवर वरण ओतलं आणि वाकून काहीतरी विचारलं.

मुलाचा हात ताटावरच थांबला. त्यानं वर पाहिलं नाही.

पुढची पंगत वरणासाठी खोळंबली होती, कोणीतरी "मामा, इकडं!" म्हणून ओरडलंही. सरांनी बादली दुसऱ्याच्या हातात दिली आणि त्या मुलासमोर जमिनीवर मांडी घालून बसले.